नळीच्या टोकाशी

बटाटे सोलता सोलता तू विचारलंस, केंग,
कॅप्टन, ती दोन वर्षांची अग्निसुरक्षेची डिग्री परवडते का?
सुरी थांबवली नाहीस. म्हणजे प्रश्न खरा होता.

तर ऐक. बाहेर उणे एकोणतीस आहे,
सुपीरियर सरोवर काठाकडून गोठत चाललंय,
आणि घंटा वाजेपर्यंत आपल्याला दुसरं काम नाही.

साठ क्रेडिट, अकरा हजार सहाशे डॉलर.
पुस्तकं वेगळी. पाण्याच्या दाबाचं एकटंच एकशे चाळीसचं,
तेही आधी कुणीतरी कॉफी सांडलेलं.
मी चौतिसाव्या वर्षी नाव घातलं.
चोवीस तासांची पाळी संपवून वर्गात जायचे,
केसांना धुराचा वास,
शेजारची पोरं खुर्ची सरकवून बसायची.
कर्ज काढलं. नवरा काही बोलला नाही,
जुनी गाडी आणखी एक हिवाळा चालवू, एवढंच म्हणाला.
ती फेब्रुवारीत पुलावर मेली.

पदवी मिळाली. पगार वाढला,
महिन्याला पंच्याऐंशी डॉलर.
आता हे तुला पहिल्याच सत्रात शिकवतील:
पंपाने दाब कितीही देऊ दे,
नळीच्या टोकाशी तेवढा पोचत नाही.
आतल्या अंगाला घासून घासून पाणी दमतं.
नळी लांब, तर तोटा जास्त. वळण आलं, आणखी तोटा.
पंच्याऐंशी निघाले पंपातून.
कर घासला, निवृत्तीचा फंड घासला, विमा, युनियन,
टोकाशी आले एकावन्न.
कर्जाचा हप्ता एकशे अठरा.
आतबट्ट्याचा व्यवहार, सरळसरळ.

आर्नी हकाला शिकायला गेला नाही.
त्याच दोन वर्षांत त्याने जादा पाळ्या ओढल्या,
अठरा फुटी बोट घेतली,
आणि मला खिजवायला तिचं नाव ठेवलं 'होमवर्क'.

मग कॅप्टनची परीक्षा. पदवीचे दोन गुण जास्तीचे.
मी दीड गुणाने पुढे निघाले.
इथून ताळेबंद जरा हसू लागतो.
त्रेचाळिसाव्या वर्षी कर्ज फिटलं.
गुडघे त्याच वर्षी बोलायला लागले,
त्यांचा खर्च यात धरलेला नाही.

आणखी एक रक्कम आहे,
ती कुठल्या रकान्यात घालायची
मला अजून कळलेलं नाही.
जुना बोलिंग हॉल, पहाटेचे तीन.
छपरातून धूर, ज्वाळा कुठेच नाही.
आर्नीचा एक बूट शिडीवर.
मला तिसऱ्या सत्रातली एक आकृती आठवली,
लांब पल्ल्याचं छप्पर, मधे एकही खांब नाही.
परीक्षेत त्या प्रश्नाला दहापैकी चार मिळाले होते.
खाली उतर, म्हटलं. तो शिव्या देत उतरला.
सहा मिनिटं गेली.
मग ते छप्पर बसलं, गाय बसते तसं,
आधी पुढचे गुडघे.

कुणी म्हणेल, वीस वर्षांच्या नोकरीनेही हे कळलं असतं.
असेल. आर्नीची तेवीस झाली होती.

आभार वगैरे त्याने मानले नाहीत.
जूनमध्ये 'होमवर्क'मधून दोन ट्राउट आणून दिले,
तेही साफ न करता.
बाजारभावाने चौदा डॉलर. मांड हवं तर जमेला.

तुझी बायको मार्चमध्ये बाळंत होणार.
शहर हल्ली अर्धी फी भरतं, म्हणे,
गुण बरे ठेवलेस तर.
म्हणून मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही.
अर्ज त्या ड्रॉवरमध्ये आहे, बॅटऱ्यांच्या खाली.
अर्जाचे तीस डॉलर. ते परत मिळत नाहीत.

आणि साल पातळ काढ, केंग.
अर्धा बटाटा बादलीत चाललाय.